एएम टॉक स्टेशन विकत घ्यावं की तास भाड्याने घ्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या चौघा मराठी मित्रांना मराठी-हिंदी टॉक रेडिओ (गाण्यांऐवजी गप्पा आणि श्रोत्यांचे फोन) सुरू करायचा आहे. मध्यम लहरींवरचं एक छोटं एएम स्टेशन विकायला निघालंय. दिवसा ५ किलोवॅट, रात्री २०० वॅट, तीन टॉवर. विकणारा म्हणतो, 'अख्खं न्यूयॉर्क मार्केट तुमचं.' दुसरा पर्याय म्हणजे त्याच स्टेशनवर रोज दोन तास भाड्याने घ्यायचे. काय करावं आणि पैसे कुठे बुडतात?

उत्तर आधी सांगतो: सध्या तास भाड्याने घ्या, आणि करारात एक पूर्ण हिवाळा येईल असं बघा. मे ते ऑक्टोबर चालवून 'जमतंय की' म्हणणाऱ्याला एएम अजून कळलेलं नसतं.

एएम स्टेशन विकायला काढलं की दिवसाची पॉवर मोठ्या अक्षरात लिहितात. तुम्ही लायसन्सवरची रात्रीची ओळ आधी वाचा. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून पुढे जातात आणि आकाशाकडे गेलेला भाग वातावरणातला 'डी' थर शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग वर गेलेल्या लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर खाली उतरतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर देशभरात कितीतरी स्टेशनं असतात, ती रात्री एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून अमेरिकेचं नियामक मंडळ एफसीसी बहुतेकांना सूर्यास्ताला पॉवर उतरवायला किंवा लहरींची दिशा बदलायला लावतं. काही मोजक्या 'क्लास ए' स्टेशनांना यातून सूट आहे. न्यूयॉर्कचं ७७० किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूएबीसी त्यातलं. ट्रान्समीटर न्यू जर्सीतल्या लोडाय गावी आणि पॉवर दिवसरात्र ५० किलोवॅट, म्हणजे अमेरिकेत एएमला मिळणारी कमाल. त्याचं नाव घेऊन कोणी तुम्हाला २०० वॅटचं स्टेशन विकत असेल तर चहा पिऊन निरोप घ्या.

५ किलोवॅटवरून २०० वॅटवर येणं म्हणजे पॉवरचा पंचविसावा हिस्सा उरणं. रेडिओपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलची ताकद पाचव्या हिश्शावर येते, डेसिबलमध्ये १४ नी कमी. हे रात्री दहाला घडलं असतं तर चाललं असतं. पण डिसेंबरात न्यूयॉर्क परिसरात दुपारी साडेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी सातनंतरच उगवतो. टॉक रेडिओचा धंदा चालतो गाडीत, सकाळी ६ ते १० आणि दुपारी ३ ते ७. म्हणजे ज्या वेळेला जाहिरातदार पैसे देतो, त्यातला निम्मा वेळ थंडीत तुम्ही २०० वॅटवर असणार. सकाळी सहापासून सूर्योदयापर्यंत काही स्टेशनांना जादा पॉवरची परवानगी मिळते, पण तीही ५०० वॅटच्या वर जात नाही.

विकणाऱ्याकडून दोन नकाशे मागा. एक दिवसाच्या कव्हरेजचा. दुसरा रात्री इतर स्टेशनांचा त्रास न होता ऐकू येईल अशा हद्दीचा, ज्याला धंद्यात 'एनआयएफ' म्हणतात. दिवसाच्या नकाशावर ०.५ मिलिव्होल्ट प्रति मीटरची (सिग्नलची ताकद या मापात मोजतात) रेषा लांबवर, पार लाँग आयलंडपर्यंत काढलेली असेल. तिच्यावर जाऊ नका. ती स्टेशनला कायद्याचं संरक्षण कुठवर आहे हे दाखवते, ऐकू कुठवर येतं हे नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टच्या मोटारी, विजेच्या तारा यांचा गोंगाट धरला तर शहरात घराच्या आत सुखाने ऐकायला माझ्या हिशेबाने १० मिलिव्होल्ट तरी लागतात, मोकळ्या रस्त्यावर गाडीत २ चालतात. रात्रीची हद्द कधीकधी इतकी आक्रसते की टॉवरपासून आठ-दहा किलोमीटरवर दुसरंच स्टेशन खालून बोलायला लागतं. मग डिसेंबरात साडेपाच वाजता गाडी काढा. इझेलिनचा ओक ट्री रोड, तिथून रूट १, मग जर्सी सिटीतलं नेवार्क ॲव्हेन्यू, परतताना पर्सिपनी. दर पाच मिनिटांनी वहीत तीनच गोष्टी लिहा: शब्द कळले, कष्टाने कळले, नाही कळले. तुमचे श्रोते याच रस्त्यांवर आहेत. या वहीसमोर विकणाऱ्याचा रंगीत नकाशा ठेवा, भाव आपोआप खाली येतो.

(एक बाजूची गोष्ट. भारतातून आणलेला डिजिटल ट्रान्झिस्टर इथे चाचणीला वापरू नका. आपल्याकडे मध्यम लहरींवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, पुणे ७९२ वर. दोन्ही आकड्यांना ९ ने भाग जातो. अमेरिकेत हे अंतर १० चं आहे. सेटमध्ये ९/१० चा खटका नसेल तर तो स्टेशनच्या शेजारी जाऊन थांबतो आणि तुम्ही उगाच ट्रान्समीटरला दोष देता.)

आता जमीन. एफएमचा अँटेना टॉवरच्या टोकाला टांगलेला असतो. एएममध्ये टॉवर हाच अँटेना आणि त्याच्या पायाखालची जमीन हा त्याचा दुसरा अर्धा भाग. हिशेबाला सोपी म्हणून फ्रिक्वेन्सी १२०० किलोहर्ट्झ धरू. तरंगलांबी २५० मीटर, पाव तरंगलांबी साडेबासष्ट मीटर. प्रत्येक टॉवरच्या बुडापासून चहूबाजूंना १२० तांब्याच्या तारा, प्रत्येक साधारण तेवढ्याच लांबीची, वीतभर खोल पुरलेल्या. तार १० नंबरची, अडीच मिलिमीटरच्या जरा वर जाडीची. एका टॉवरला साडेसात किलोमीटर तार, वजन साडेतीनशे किलो. तीन टॉवरांच्या तारा जिथे एकमेकींना भिडतात तिथे त्या कापून आडव्या पट्टीला जोडतात, त्यामुळे तिप्पट लागत नाही, पण दुपटीच्या वर लागतेच. हे तांबं चोरीला जातं. चोर टोकाकडून ओढत जातो आणि बुडाशी काहीच दिसत नाही. कव्हरेज हळूहळू घसरतं, ट्रान्समीटरचे मीटर मात्र ठीकठाक. स्टेशन घ्यायच्या आधी इंजिनियरला कुदळ घेऊन पाठवा आणि प्रत्येक टॉवरभोवती सात-आठ ठिकाणी बुडापासून वीस मीटरवर खणून तार आहे का ते बघायला सांगा. असलेल्या तारेचे सांधे चांदीच्या डाखाने केलेले हवेत. साध्या शिशाच्या डाखाचे सांधे जमिनीत काही वर्षांत पांढरे पडतात आणि सुटतात.

न्यूयॉर्क परिसरातली बरीच एएम स्टेशनं न्यू जर्सीच्या खाजणात का उभी आहेत, याचं उत्तरही जमिनीतच आहे. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५००० मिलिसिमेन्स प्रति मीटर धरतात, चांगल्या काळ्या जमिनीची ३० च्या आसपास, खडकाळ जमिनीची जेमतेम १-२. खाजणात टॉवर उभा केला की त्याच पॉवरमध्ये आवाज कितीतरी लांब जातो. आकाशवाणीची मुंबईची मध्यम लहरींची ट्रान्समीटरंही मालाडला खाडीजवळच्या मालवणीत आहेत. पण खाजणात भरतीचं पाणी येतं. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी स्टेशनचं ८२० किलोहर्ट्झचं प्रसारण कर्नीमधला ट्रान्समीटर पाण्यात गेल्याने बंद पडलं होतं. ट्रान्समीटरची खोली, जनरेटर आणि टॉवरच्या बुडाशी असलेल्या ट्यूनिंगच्या पेट्या किती उंचीवर आहेत, हे सांगण्यावर न जाता टेप लावून मोजा.

जमीन कोणाची आहे हा खरा प्रश्न. कित्येकदा लायसन्स एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असते, भाडेपट्ट्याची चार वर्षं उरलेली असतात. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएमएएल या एएम स्टेशनची बेथेस्डातली ७५ एकर जागा ७.४ कोटी डॉलरला घरबांधणीसाठी गेली आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चारही टॉवर पाडले. जमिनीचा भाव स्टेशनच्या भावाच्या कितीतरी पट होतो, तेव्हा जमीनमालक भाडेपट्टा वाढवून देत नाही. तीन टॉवरांची दिशादर्शक रचना दुसरीकडे हलवायची म्हणजे नवा अर्ज, नवी मोजमापं, आणि शेजाऱ्यांचा विरोध ठरलेला.

तीन टॉवर कशाला, तर रात्री काही दिशांना सिग्नल दाबायचा असतो म्हणून. प्रत्येक टॉवरला किती करंट आणि कोणत्या फेजमध्ये द्यायचा हे 'फेझर' नावाच्या कपाटातून ठरतं. करंटचं प्रमाण मंजूर आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत आणि फेज ३ अंशांच्या आत ठेवायची, असा नियम आहे. एकूण पॉवर मंजूर आकड्याच्या ९० ते १०५ टक्क्यांत. सगळ्यात जास्त बिघडतात ते दिवस-रात्र बदल करणारे मोठे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे खटके. संध्याकाळी साडेचारला खटका पडतो, दोन टॉवर बदलतात, तिसरा अडकतो, कारण आत मुंग्यांनी घर केलेलं असतं किंवा उंदराने तार कुरतडलेली असते. ट्रान्समीटर आपलं रक्षण करायला पॉवर शून्यावर आणतो आणि तुमचा संध्याकाळचा कार्यक्रम गप्प. शेजारी मोबाइलचा टॉवर उभा राहिला तर त्यातून लहरी परावर्तित होऊन कोणत्या दिशेला किती सिग्नल जायचा हा पॅटर्न बिघडतो. टॉवरच्या बुडाशी वाढलेलं गवतसुद्धा ओलं झालं की इन्सुलेटरवरून ठिणगी टाकतं. ५ किलोवॅट ही नुसत्या कॅरियरची, म्हणजे आवाज न चढवलेल्या लहरीची, पॉवर आहे हेही लक्षात असू द्या. बोलण्याच्या शिखरावर, १२५ टक्के मॉड्युलेशनला (आवाज लहरीवर चढवण्याचं प्रमाण), क्षणभर २५ किलोवॅट वाहतात. म्हातारा कपॅसिटर नेमका त्याच क्षणी फुटतो, म्हणून 'होस्ट ओरडला की स्टेशन बंद पडतं' ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नसते. टॉवर ६१ मीटरच्या वर असेल तर वरचे लाल दिवे विझले आणि अर्ध्या तासात दुरुस्त झाले नाहीत, तर विमानवाहतूक खात्याला लगेच कळवावं लागतं. वीज मात्र तुम्हाला वाटते तेवढी लागत नाही. नव्या सॉलिड स्टेट ट्रान्समीटरवर महिन्याला तीन हजार युनिटच्या आतबाहेर.

एवढं सगळं पसंत पडलं तरी एक कायदा आडवा येतो, जो तुमच्या गटात कोणी वाचलेला दिसत नाही. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या माणसाला ब्रॉडकास्ट लायसन्स स्वतःच्या नावावर घेता येत नाही. ग्रीन कार्डवाला इथे परदेशीच धरला जातो, एच-१बी वाल्याचा तर प्रश्नच नाही. लायसन्स घेणाऱ्या कंपनीत परदेशी हिस्सा २० टक्क्यांपर्यंत आणि तिच्या वरच्या कंपनीत २५ टक्क्यांपर्यंत. वरच्या कंपनीत त्याहून जास्त हवा असेल तर एफसीसीकडे वेगळा अर्ज, आणि वकिलाचं मीटर सुरू. चौघांतले किती जण नागरिक आहेत ते आधी मोजा. भाड्याने तास घ्यायला ही अट नाही.

पण भाड्यालाही चौकट आहे. लायसन्सवाला तुम्हाला वेळ विकू शकतो, ताबा विकू शकत नाही. करारात त्याला तुमचा कार्यक्रम नाकारण्याचा, मध्येच थांबवण्याचा हक्क ठेवावाच लागतो, नाहीतर बेकायदा हस्तांतर म्हणून दोघंही अडकता. तेव्हा तो हक्क काढून टाकायला सांगू नका. त्याऐवजी कलम घाला, की कार्यक्रम थांबवला, स्टेशन बंद पडलं किंवा निम्म्याहून कमी पॉवरवर चाललं, तर त्या मिनिटांचं भाडं परत. 'निम्म्याहून कमी पॉवर' हे शब्द आठवणीने घाला. ट्रान्समीटरचा एक भाग जळाला की स्टेशनं महिनाभर तशीच ओढतात आणि बिल पूर्ण लावतात. सोबत एफएमचा छोटा ट्रान्सलेटर (एएमचाच कार्यक्रम एफएमवर पुन्हा सोडणारा छोटा ट्रान्समीटर) असेल तर त्याचाही उल्लेख हवा. २५० वॅटचा ट्रान्सलेटर एका गावापुरता असतो, पण ते गाव एडिसन असेल तर तुमच्यासाठी मूळ एएमपेक्षा तोच मोलाचा. परदेशी सरकार किंवा त्याच्या वतीने कोणी पैसे देतंय का, याचं लेखी उत्तर स्टेशन तुमच्याकडून घेईल. तो नियमाचा भाग आहे, राग मानू नका.

आता स्टुडिओ. आपल्याकडे कमर्शियल टॉक एएम नावाचा प्रकारच नाही. भारतात मध्यम लहरी आकाशवाणीकडेच आहेत आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. त्यामुळे मराठी माणूस मायक्रोफोनसमोर बसला की एक तर वृत्तनिवेदक होतो नाहीतर सकाळचा आरजे. टॉकचा होस्ट दोन्ही नसतो. तो एकाच माणसाशी, गाडी चालवणाऱ्याशी, बोलत असतो.

एएमवर तुमचा आवाज वरून १० किलोहर्ट्झला कापला जातो आणि बहुतेक गाड्यांचे रेडिओ त्याआधीच, ३-४ च्या पुढे काही ऐकवत नाहीत. 'स', 'श', 'च', 'छ' यांची धार त्याच्या वरच असते. 'शाळा' आणि 'साळा' एकच ऐकू येतात, 'सात' आणि 'साठ'चा गोंधळ होतो. फोन नंबर दोनदा सांगा, एकेक आकडा सुटा. मायक्रोफोन डायनॅमिक घ्या, तोंडापासून चार बोटं, जरा तिरपा. 'भ', 'फ', 'ध', 'ख' आपल्याकडे श्वास भरून येतात, तो झोत सरळ पडला की प्रोसेसर (आवाजाची पातळी एकसारखी ठेवणारी पेटी) अख्खं वाक्य खाली दाबतो. चाचणीला 'हॅलो, वन टू थ्री' म्हणू नका. 'फोडणीच्या भाताला फुटाणे' म्हणा, लगेच कळेल. खालून ९० हर्ट्झच्या आसपास फिल्टर लावा. तिथे फक्त एसीची घरघर असते. आणखी एक बारीक गोष्ट: माणसाच्या आवाजाची लहर वर-खाली सारखी नसते, एका बाजूला उंच असते. एएमला वरच्या बाजूला १२५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, खालच्या बाजूला १०० वर कॅरियर तुटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर चर्रर्र पसरते. म्हणून मायक्रोफोनच्या केबलची पोलॅरिटी उलटून बघा आणि ज्यात वरची बाजू मोठी दिसते ती ठेवा. फुकटात आवाज वाढतो. प्रोसेसरमध्ये लहरीच्या दोन्ही बाजू सारख्या करणारा फेज रोटेटर चालू असेल तर मात्र हा फायदा पुसला जातो.

फोन घेणं हा टॉकचा गाभा, आणि नवखे तिथेच धडपडतात. कॉलरला परत पाठवायचा आवाज म्हणजे 'त्याचा स्वतःचा सोडून बाकी सगळं'. याला मिक्स-मायनस म्हणतात. ते चुकलं की त्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो अडखळतो. दुसरं, प्रसारण ८ सेकंद मागे असतं. कॉलरच्या खोलीत रेडिओ चालू असेल तर तो आठ सेकंदांपूर्वीचं स्वतःला ऐकत गप्प होतो. म्हणून स्क्रीनरचं, म्हणजे हवेवर सोडायच्या आधी फोन घेणाऱ्याचं, पहिलं वाक्य 'नाव काय' हे नसतं. 'आधी रेडिओ बंद करा' हे असतं.

हे आठ सेकंद कशासाठी? कॉलरने शिवी दिली की ऑपरेटर लाल डंप बटण दाबतो. प्रसारण मागे ठेवणाऱ्या पेटीवरचा आकडा ८.० वरून शून्यावर येतो, साठवलेले आठ सेकंद फेकले जातात आणि श्रोत्याला फक्त वाक्य मध्येच उडी मारल्यासारखं वाटतं. मग पेटी तुमचं बोलणं हळूहळू, कळणार नाही इतकं ताणत पुन्हा साठा करते. साठा भरेपर्यंत तुम्ही उघड्यावर असता, म्हणून १६ सेकंदांची पेटी घेऊन एका दाबाला ८ सोडायची सोय ठेवा. खरी गोम पुढे आहे. स्टेशनचा ऑपरेटर अमेरिकन असणार, त्याला मराठी शिवी आणि मराठी आशीर्वाद यांतला फरक कळणार कसा? आपल्याकडे तर लाडाने दिलेली शिवीही असते. डंपवर मराठी-हिंदी-गुजराती कळणारा तुमचा माणूस बसवा. सकाळी ६ ते रात्री १० मध्ये अश्लील शब्द गेला तर दंड लायसन्सवाल्याला होतो, २००६ च्या कायद्याने तो एका प्रसंगाला सव्वातीन लाख डॉलरपर्यंत नेला आणि नंतर वाढतच गेला. तो दंड करारातून तुमच्या गळ्यात येतो.

तुम्ही स्वतः कोणाला फोन लावून तो हवेवर सोडत असाल, तर 'हे प्रसारित होणार आहे' हे त्याला आधी सांगावं लागतं. नाशिकच्या आजीला अचानक फोन करून थट्टा करायची कल्पना प्रत्येक नव्या गटाला सुचते. ती सोडून द्या. जाहिरातीत आणीबाणीच्या इशाऱ्याचा तो कर्कश टोन, किंवा त्यासारखा वाटणारासुद्धा, वापरू नका. त्यावर मोठे दंड झालेले आहेत. पाहुणा पैसे देऊन बोलायला आला असेल, म्हणजे इमिग्रेशनचा वकील किंवा घरं विकणारा एजंट, तर 'हा प्रायोजित भाग आहे' हे हवेवर सांगायचं. आणि गटातला कोणी गावच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला तर त्याने होस्ट म्हणून माइकवर बसणं थांबवायचं, नाहीतर समोरचा उमेदवार सात दिवसांत तेवढाच वेळ मागू शकतो आणि तो द्यावा लागतो. उमेदवारांच्या जाहिरातींना प्राथमिक निवडणुकीआधी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस तुमचा सगळ्यात कमी दर लावावा लागतो. त्या काळात ओळखीच्या दुकानदाराला पाच डॉलरात स्पॉट (एक जाहिरात) दिलात तर उमेदवारही त्याच प्रकारचा स्पॉट पाच डॉलरात मागेल.

तासाची मांडणी. दर तासाला, तासाच्या जवळात जवळ, स्टेशनची कॉल अक्षरं (डब्ल्यूएबीसीसारखी ओळखीची अक्षरं) आणि लायसन्सच्या गावाचं नाव जायलाच हवं. ते इंग्रजीत जाऊ द्या, वाद नको. मोठी स्टेशनं तासाला १५ ते १८ मिनिटं जाहिराती घालतात, कारण त्यांच्या शोचा एक भाग सिंडिकेटरकडून, म्हणजे एकच शो अनेक स्टेशनांना पुरवणाऱ्या कंपनीकडून, फुकट येतो आणि बदल्यात काही मिनिटं त्याची असतात. १९८७ मध्ये एफसीसीने 'फेअरनेस डॉक्ट्रिन' (वादाच्या विषयात दोन्ही बाजू मांडायची सक्ती) रद्द केली, १९८८ मध्ये टॉक होस्ट रश लिम्बॉचा राष्ट्रीय शो डब्ल्यूएबीसीवरून निघाला, आणि हाच हिशेब देशभर पसरला. तुम्ही १२ च्या वर जाऊ नका. मोठ्यांची घड्याळं श्रोते मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीवर बसवलेली असतात: पंधरा मिनिटांच्या एका पावात पाच मिनिटं ऐकलं की तो पाव मोजला जायचा (२०२५ पासून मोठ्या शहरांत तीन मिनिटं पुरतात). म्हणून ते १० व्या मिनिटापासून २० व्या मिनिटापर्यंत ब्रेक घेत नसत, एका बोलण्यात दोन पाव मिळायचे. भाड्याच्या दोन तासांची नील्सन दखल घेणार नाही, तरी सवय चांगली आहे. श्रोता मध्येच गाडीत बसतो आणि मध्येच उतरतो. दर सहा-सात मिनिटांनी विषय आणि पाहुण्याचं नाव पुन्हा सांगा. स्वतःला कंटाळा येईल, श्रोत्याला नाही. सुरुवातीला आवडतं मराठी गाणं वाजवायचा मोह असेल तर, हवेवरचे हक्क बहुधा स्टेशनच्या परवान्यांत येतात, पण इंटरनेटवरच्या प्रसारणासाठी ध्वनिमुद्रणाचे पैसे वेगळे लागतात. आपली धून आपणच करून घ्या.

आता पैसे. हे आकडे हिशेबापुरते, तुमचे तुम्ही घाला. भाडं तासाला १५० डॉलर, रोज दोन तास, महिन्याला २२ दिवस: ६६०० डॉलर. स्क्रीनर-निर्माता रोज तीन तास, २० डॉलरने: १३२०. फोन, कोडेक (स्टुडिओतून स्टेशनला आवाज पाठवणारी पेटी), इंटरनेटवरचा स्ट्रीम: ३००. एकूण ८२२०, आणि होस्ट फुकट राबतोय. तासाला एकेका मिनिटाचे १२ स्पॉट, महिन्याला ५२८. निम्मे गेले आणि भाव २५ डॉलर पडला तर ६६०० जमा, त्यातून विकणाऱ्याचं २० टक्के कमिशन वजा केल्यावर ५२८० हातात. म्हणजे महिन्याला २९४० चा खड्डा. बरोबरीवर यायला ४११ स्पॉट, चारातले तीनपेक्षा जास्त, विकावे लागतात. पहिल्या सहा महिन्यांत ते होत नाही. म्हणून सहा महिन्यांचा खड्डा, साधारण अठरा हजार, आधी बाजूला काढून मगच सही करा.

सुटे स्पॉट विकत बसण्यापेक्षा तासातला एक ठरलेला भाग एकाच प्रायोजकाला तीन महिन्यांसाठी द्या. सराफ, किराणा, कर्जाचा एजंट, वकील हेच तुमचे ग्राहक. त्यांना रेटिंग नको असतं, 'रेडिओवर ऐकून फोन केला' असे किती आले एवढंच हवं असतं. त्यांच्यासाठी वेगळा फोन नंबर घेऊन द्या, मोजणी आपोआप होते. ओळखीचे लोक उधारी करतात, ती साठ-साठ दिवस अडकते, म्हणून नव्या गिऱ्हाइकाकडून महिन्याचे पैसे आगाऊ घ्या, तो कितीही जवळचा असला तरी. आणि प्रत्येक बिलाला स्टेशनच्या लॉगची सहीची प्रत जोडा, स्पॉट कोणत्या मिनिटाला गेला ते दिसेल अशी. डिसेंबरचं बिल गेलं की पहिला फोन येतो तो 'संध्याकाळी आमची जाहिरात ऐकूच आली नाही' असा. तेव्हा साडेचारनंतरचे स्पॉट दुपारच्या तासात फुकट पुन्हा लावून देण्याची सोय दरपत्रकातच लिहून ठेवलेली बरी.